चाचे यंदा तरी किनाऱ्याला लागतील?

मराठी विभागात बेसबॉल? आणि तेही पिट्सबर्ग पायरेट्स नावाच्या टीमवर, जिने २०१५ नंतर प्लेऑफचं तोंडही पाहिलेलं नाही? संपादक मंडळातल्या एका सीनियरने मला सरळ विचारलं, "अगं, मुंबई इंडियन्स वगैरे नाही का चालणार?" नाही चालणार. मुंबई इंडियन्सवर लिहायला अख्खं बॉईज हॉस्टेल बसलंय. पायरेट्सवर लिहायला या कॉलेजात मी एकटीच आहे, त्यामुळे ही जबाबदारी माझ्यावरच येते. आणि कॉन्व्हेंटवाली मराठीत लिहितेय म्हणून भुवया उंचावू नका, घरी आजीशी भांडण मराठीतच होतं!

आता पिट्सबर्गच का, हे आधी सांगून टाकते. माझी मावसबहीण तिथे एमएस करायला गेली. आपल्या हॉस्टेलच्या दर दोन खोल्यांमागे एकीची तरी कुणी ताई किंवा दादा तिथल्या कार्नेगी मेलनचं नाव घेत जीआरई देतच असतो, तशीच तीही. ताईने पहिल्या महिन्यात स्टेडियमचा फोटो पाठवला. पीएनसी पार्क, २००१ मध्ये उघडलेलं. समोर ॲलेगेनी नदी, नदीवर पिवळे पूल आणि पलीकडे गावातल्या उंच इमारती. खाली तिने लिहिलं होतं, "मैदान झकास, टीम भिकार." मी म्हटलं बघू तरी किती भिकार आहे. तेव्हापासून अडकले ते अडकलेच. त्यांच्या घरच्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडे पहाटे चारच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे नेमक्या तेव्हा, जेव्हा हॉस्टेलच्या वायफायला जरा जीव असतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. नऊ इनिंग्जची मॅच, प्रत्येक टीमला प्रत्येक इनिंगमध्ये तीन आउट. बॉल टाकणारा तो पिचर, मारणारा बॅटर. सहा महिन्यांत प्रत्येक टीम १६२ मॅचेस खेळते. हो, १६२. त्यामुळे एका मॅचचं कुणी फार मनावर घेत नाही, आपल्या क्लास टेस्टसारखं. शेवटी जो जिंकल्या-हरल्याचा आकडा उरतो, तो मात्र तुमचा खरा पॉइंटर.

पायरेट्सचा २०२५ चा पॉइंटर: ७१ जिंकल्या, ९१ हरल्या. गटात शेवटचा नंबर.

आता हीच टीम एकेकाळी काय होती बघा. पाच वेळा वर्ल्ड सिरीज जिंकलेली: १९०९, १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९. रॉबर्टो क्लेमेंटे हा पोर्टो रिकोचा खेळाडू याच टीमचा. बरोबर ३००० हिट्स नावावर असताना, ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. त्याचा नंबर २१, म्हणून पीएनसी पार्कची उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे. असली टीम १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं जिंकल्यापेक्षा जास्त मॅचेस हरली. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी लांब रांग दुसऱ्या कुणाची नव्हती. मग २०१३, १४, १५ ही तीन वर्षं सुखाची. २०१५ मध्ये तर ९८ मॅचेस जिंकल्या आणि बाद फेरीच्या एकाच मॅचमध्ये शिकागो कब्जकडून हरून घरी गेले. त्यानंतर पुन्हा अंधार. जिंकल्याचा आकडा हरल्यापेक्षा मोठा असा शेवटचा हंगाम २०१८ चा, ८२-७९.

एवढं रडगाणं झाल्यावर मुद्द्यावर येते. माझं म्हणणं असं आहे की २०२६ च्या हंगामात या टीमला संधी आहे. खरी, हिशेबाने दाखवता येईल अशी संधी. आणि ही संधी वाया गेली तर दोष नशिबाचा नसेल.

पहिलं कारण एका माणसाचं नाव आहे: पॉल स्कीन्स. आधी हा एअर फोर्स ॲकॅडमीत कॅडेट होता, मग लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत आला, आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पायरेट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. २०२४ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित. २०२५ मध्ये साय यंग अवॉर्ड, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम पिचर, आणि तोही एकमताने. त्याचा बॉल ताशी १५७-१५८ किलोमीटरने येतो आणि शेवटच्या क्षणी खाली बुडतो. मेकॅनिकलवाल्यांनी मॅग्नस इफेक्ट फक्त व्हायव्हापुरता वाचला असेल तर एकदा याची पिचिंग स्लो मोशनमध्ये बघा, फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटेल. जाता जाता, बेसबॉलच्या बॉलवर १०८ दुहेरी टाके असतात. जपमाळेइतकेच! आणि २०२५ मध्ये स्कीन्सने स्ट्राइकआउट किती घेतले? २१६. म्हणजे दोन माळा पूर्ण. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग पावेल हो देव त्याला."

पण देव पावला नाही. कारण २०२५ चा स्कीन्सचा जिंकल्या-हरल्याचा हिशेब आहे १०-१०.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. त्याचा ईआरए होता १.९७, म्हणजे नऊ इनिंग्जमागे त्याच्या खात्यावर सरासरी दोनपेक्षा कमी रन. बेसबॉलमध्ये तीनच्या खाली गेलात तरी लोक पाय धरतात. आणि तरीही दहा विजय, दहा पराभव! कारण पिचरला "विजय" मिळायला त्याच्याच टीमच्या बॅटर्सनी रन करावे लागतात. तुम्ही एकच रन दिला आणि तुमच्या लोकांनी शून्य काढले, तर हरलात तुम्ही. चार जणांच्या ग्रुपमध्ये मिनी प्रोजेक्ट करताना अख्खं सर्किट एकीने बनवायचं आणि रिपोर्टची प्रिंट दुसरीने आणली नाही म्हणून सगळ्यांचे मार्क कापायचे, हा प्रकार आपल्याला नवीन नाही. स्कीन्सने ३२ मॅचेसमध्ये सर्किट बनवलं. प्रिंट आणायला कुणी गेलंच नाही.

आकडा ऐका. २०२५ मध्ये पायरेट्सने १६२ मॅचेसमध्ये मिळून ५८३ रन काढले. तीस टीम्समध्ये सगळ्यांत कमी. होमरन ११७, तेही सगळ्यांत कमी. टीममध्ये सर्वाधिक होमरन ओनिल क्रूझचे, फक्त २०. हा क्रूझ तर कोडंच आहे. २५ मे २०२५ ला त्याने जो बॉल मारला त्याचा वेग ताशी १२२.९ मैल, म्हणजे जवळजवळ १९८ किलोमीटर. बॉलचा वेग कॅमेऱ्याने मोजायला लागल्यापासून एवढ्या जोरात कुणीही मारलेलं नव्हतं. बॉल गेला नदीत. पण असं रोज होत नाही ना! बाकीचे दिवस हवेत बॅट फिरवण्यात जातात.

आता माझा हिशेब. बेसबॉलचे आकडेपंडित एक ढोबळ नियम वापरतात: हंगामात साधारण दहा रन जास्त काढले, किंवा दहा कमी दिले, की एक विजय वाढतो. पायरेट्सची सरासरी मॅचमागे ३.६ रन पडते. २०२५ मध्ये अख्ख्या मेजर लीगची सरासरी साडेचारच्या जरा खाली होती. म्हणजे पायरेट्सचे बॅटर्स नुसते सरासरी झाले, ग्रेट वगैरे नाही, फक्त फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन नको, तरी वर्षाला सुमारे १४० रन वाढतात. दहाने भागा: १४ विजय. ७१ अधिक १४, पंच्याऐंशी. आणि २०२५ मध्ये नॅशनल लीगचं शेवटचं प्लेऑफ तिकीट सिनसिनाटी रेड्सला किती विजयांवर मिळालं? ८३! म्हणजे केटीवाली टीम एका विषयात जेमतेम पास झाली तरी वर्ष सुटतं, कारण दुसऱ्या विषयात ती टॉपर आहे. (माझी रूममेट हे वाचून म्हणाली, "तुझं एम-थ्री पण असंच सुटलं असतं." तिच्याकडे दुर्लक्ष करावे.)

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. मे २०२५ मध्ये मॅनेजर डेरेक शेल्टनला काढलं तेव्हा टीम १२-२६ होती. पुढे डॉन केलीच्या हाताखाली ५९-६५. म्हणजे त्याच बॅटर्सच्या जीवावर, त्याच गतीने पूर्ण हंगाम खेळले असते तर ७७ च्या आसपास पोचले असते. खड्डा मोठा दिसतो तो सुरुवातीच्या सहा आठवड्यांमुळे.

मग प्रश्न उरतो की ते १४० रन आणायचे कुठून. हे मी फेब्रुवारी २०२६ मध्ये लिहितेय आणि गंमत म्हणजे या हिवाळ्यात पायरेट्सच्या ऑफिसात कुणीतरी जागं झालेलं दिसतंय. डिसेंबर २०२५ मध्ये टॅम्पा बे रेजकडून ब्रँडन लाउ आला, २०२५ मध्ये ३१ होमरन मारणारा. मग रायन ओहर्नला दोन वर्षांसाठी २.९ कोटी डॉलरवर घेतलं. दोघेही डावखुरे, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण पीएनसी पार्कची उजवी बाजू, क्लेमेंटेची ती भिंत, टोकाला फक्त ३२० फुटांवर आहे आणि डावखुरे बॅटर्स तिकडेच ओढून मारतात. डावी बाजू मात्र खोल आहे, तिथे उजव्या हाताच्या लोकांचे चांगले चांगले फटके झेल होऊन मरतात. बॉस्टनकडूनही एक तरुण बॅटर आणलाय, त्याचं नाव जोस्टिन्क्सन गार्सिया. इंग्रजीत हे नाव असं काही लिहितात की त्याचं टोपणनावच "द पासवर्ड" पडलंय. कॉम्प्युटरवाल्यांनो, हा तुमचा माणूस!

पण लाउ आणि ओहर्न मिळून १४० रन वाढवतील असं मी म्हणणार नाही. ते ज्यांच्या जागी येणार तेही काही शून्य काढत नव्हते. माझ्या अंदाजाने दोघे मिळून फार तर पन्नास. शिवाय लाउ वारंवार जायबंदी होतो आणि त्याचा करार याच हंगामाअखेर संपतो. उरलेले रन क्रूझ आणि ब्रायन रेनल्ड्स यांनी आपल्या जुन्या फॉर्ममध्ये येऊन द्यायचे. आणि काही एका एकोणीस वर्षांच्या मुलाने.

कॉनर ग्रिफिन. जन्म एप्रिल २००६, म्हणजे माझ्यापेक्षाही लहान. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर शाळेतून थेट घेतलेला. २०२५ मध्ये मायनर लीगच्या तीन पायऱ्या एका वर्षात चढला: सरासरी .३३३, २१ होमरन आणि ६५ बेस चोरले. मी त्या वर्षी काय केलं तर वर्कशॉपचं जॉब फाइल करून करून हातावर फोड आणले. असो.

ग्रिफिनला पहिल्या दिवसापासून खेळवायचं की नाही यावर पिट्सबर्गमध्ये घनघोर वाद चालू आहे. त्यात एक पैशाची मेख आहे, ती सांगायलाच हवी. नियम असा की मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की खेळाडूचं एक वर्ष धरतात, आणि सहा वर्षं भरली की तो मोकळा, पाहिजे त्या टीमकडे जायला. त्यामुळे मालक लोक हुशार पोराला सुरुवातीचे काही आठवडे खालीच ठेवतात, वर्ष पूर्ण भरू देत नाहीत आणि त्याला आणखी एक वर्ष स्वस्तात राबवतात. आपल्याकडे अटेंडन्स कमी पडावी म्हणून कॉलेजनेच मुलांना गेटवर अडवण्यासारखं! स्कीन्सलाही असंच ११ मे २०२४ पर्यंत खाली ठेवलं होतं. पण नव्या नियमाप्रमाणे सर्वोत्तम नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोनात आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं, आणि स्कीन्स पहिला आला. म्हणजे पायरेट्सने जवळजवळ दीड महिना आपला सर्वोत्तम पिचर वापरलाच नाही आणि वाचलं मात्र काहीच नाही. लोभापायी कोंबडी कापायला गेले आणि कोंबडी उडाली.

माझं मत स्पष्ट आहे: सराव शिबिरात ग्रिफिन बरा खेळला तर त्याला थेट वर आणा. लोक म्हणतात एकोणीस वर्षांचा आहे, कोवळा आहे, दोन महिने रन झाले नाहीत तर खचेल. खचेलही कदाचित. पण ज्या टीमने अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी रन काढले, तिथे त्याची जागा अडवून बसलेला दुसरा कोण मोठा ब्रॅडमन आहे?

आणि घड्याळ चालू आहे ते स्कीन्सचं. २०२९ च्या हंगामानंतर तो मोकळा होणार. २०२५ मध्ये त्याचा पगार दहा लाख डॉलरच्याही आत होता, आणि जगातल्या सर्वोत्तम पिचर्सपैकी एकासाठी बेसबॉलमध्ये ही चिल्लर आहे. म्हणजे हीच ती चार वर्षं, ज्यात टीमकडे हिरा फुकटात आहे आणि वाचलेल्या पैशात बाकीचा दागिना घडवायचा आहे. शिवाय पिचरचा हात म्हणजे थकव्याने कधी तुटेल सांगता येत नाही असा मटेरियल सायन्सचा नमुना. याच टीमचा जॅरेड जोन्स २०२५ मध्ये कोपराच्या ऑपरेशनमुळे अख्खा हंगाम बाहेर बसला. "दोन वर्षांनी बघू" हे वाक्य पिचरच्या बाबतीत बोलूच नये.

मालक बॉब नटिंग यांच्या बाजूने नेहमी एकच बचाव येतो: छोटं गाव, पैसा कुठून आणणार? खरं आहे अर्धं. आपल्या आयपीएलमध्ये प्रत्येक टीमच्या पर्सला मर्यादा असते, २०२५ च्या मोठ्या लिलावात ती १२० कोटी होती. बेसबॉलमध्ये अशी सक्त मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलात तर कर भरा, बस. लॉस एंजलिस डॉजर्सने २०२५ साठी नुसता हा कर सुमारे १६.९ कोटी डॉलर भरला. पायरेट्सच्या अख्ख्या टीमचा पगार त्यापेक्षा कमी! आणि डॉजर्सने २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकली. मॅनेजमेंट कोटा आणि मेरिट यावर हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजता जे वाद होतात, ते सगळे इथे लागू.

पण उरलेलं अर्धं मला पटत नाही, आणि त्याचं कारण आहे मिलवॉकी. पायरेट्सच्याच गटातली टीम, बाजारपेठ पिट्सबर्गपेक्षाही लहान. २०२३, २०२४, २०२५ तिन्ही वर्षं गटात पहिली. २०२५ मध्ये तर ९७ विजय, सगळ्या तीस टीम्समध्ये सर्वांत जास्त. पुढे ओहतानीने त्यांना बाद फेरीत एकाच मॅचमध्ये तीन होमरन आणि दहा स्ट्राइकआउटनी झोपवलं ते सोडा, तिथवर पोचले तर ना! मिलवॉकीकडे मोठा पैसा नाही, पण शिस्त आहे. साधी साधी कामं ते नीट करतात, बेसवर पोचतात, पळतात, झेल सोडत नाहीत. पायरेट्स पैसाही खर्च करत नाहीत आणि गृहपाठही करत नाहीत. यांच्या इतिहासात शंभर दशलक्ष डॉलरच्या वरचा करार पहिल्यांदा झाला २०२३ मध्ये, रेनल्ड्सचा. २०२५ मध्ये तर क्लेमेंटेच्या भिंतीवरचं २१ नंबरचं चिन्ह काढून तिथे दारूची जाहिरात लावली होती. केवढा आरडाओरडा झाला तेव्हा कुठे ते परत लावलं. मॅचमध्ये प्रेक्षक "सेल द टीम" अशा घोषणा देत होते. ताई म्हणते, तिथे मेट्रोत अनोळखी माणसाशी बोलायचं असेल तर हवामानापेक्षा नटिंगचा विषय सोपा पडतो.

भारतीय माणसाने या टीमला नावं ठेवावीत का, हाही प्रश्न आहे म्हणा. कारण २००८ मध्ये "मिलियन डॉलर आर्म" या शोमधून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंह आणि दिनेश पटेल, यांना करार दिला तो याच पायरेट्सने. (हा रिंकू तो कोलकात्याचा षटकारवाला नव्हे. हा पुढे कुस्तीच्या रिंगणात वीर महान झाला.) त्यांच्यावर २०१४ मध्ये डिस्नेचा सिनेमाही आला, संगीत रहमानचं. ज्यांनी आयुष्यात बेसबॉल पाहिला नव्हता अशा दोन पोरांवर पैसे लावायची हिंमत एकेकाळी यांच्यात होती. मग घरच्या पोरावर आणि चांगल्या बॅटर्सवर लावायला काय होतं?

काळजी करण्यासारखं आणखी एक. खेळाडू आणि मालकांमधला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, आणि पगाराच्या मर्यादेवरून मोठी जुंपणार अशी चिन्हं आहेत. मग टाळेबंदी आली तर पुढचा हंगाम वेळेवर सुरू होईलच असं नाही. म्हणून २०२६ वर माझा जास्त जीव आहे.

आता तुम्ही विचाराल, बाई, आकडा सांग. सांगते. मिच केलर, बबा चँडलर आणि स्कीन्स यांचे हात शाबूत राहिले, ग्रिफिन जूनपर्यंत तरी वर आला आणि क्रूझने निम्म्या वेळा तरी बॉलला बॅट लावली, तर ८२ विजय, ८० पराभव. म्हणजे २०१८ नंतर पहिल्यांदा पारडं वर. प्लेऑफ? २०२५ चाच कटऑफ राहिला तर एका विजयाने हुकेल. यापैकी एक जरी "तर" फसला तर ७५. आणि स्कीन्सचा हिशेब या वेळी १६-७ असेल, हे मी आमच्या मजल्याच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलंय. रूममेटने खाली १०-१० लिहून दोन वडापावांची पैज लावलीय. हंगाम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो, आपल्या सबमिशन्सच्या ऐन तोंडावर. पहाटे कॉमन रूममध्ये कुणाला यायचं असेल तर या, चहा ज्याचा त्याने आणावा.